सायलेंट व्हॅली संरक्षण चळवळ (१९७३–१९८५) : महाविद्यालयीन अध्यापकांच्या भूमिकेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या इतिहासलेखनात पर्यावरण चळवळींना स्वतंत्र स्थान मिळू लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. या लेखनात चिपको आंदोलन आणि नर्मदा बचाव आंदोलन यांचा विचार विस्ताराने झालेला आहे. त्या मानाने केरळमधील सायलेंट व्हॅली संरक्षण चळवळीचा उल्लेख मराठीत बहुधा एखाद्या परिच्छेदापुरता येतो. एका धरणाला विरोध झाला, पंतप्रधानांनी हस्तक्षेप केला आणि वन वाचले, इतक्या तीन वाक्यांत ही बारा वर्षांची घडामोड आटोपली जाते. वास्तविक भारतातील पर्यावरणविषयक निर्णयप्रक्रियेच्या इतिहासात या चळवळीचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे.

सायलेंट व्हॅलीमध्ये धरणामुळे कोणतेही गाव बुडणार नव्हते. कोणा शेतकऱ्याची जमीन जाणार नव्हती. बुडणार होते ते सदाहरित वन. ज्या वादात बाधित पक्षाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, त्या वादात ती बाजू कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या भाषेत मांडली, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील मूलभूत प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना महाविद्यालयीन अध्यापकांचा एक गट ठळकपणे समोर येतो. प्रस्तुत लेखात या गटाच्या कार्याच्या अंगाने सदर चळवळीचा आढावा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

सायलेंट व्हॅली जलविद्युत प्रकल्पाचा व त्याविरुद्धच्या चळवळीचा कालानुक्रमे आढावा घेणे, चळवळीतील अध्यापकवर्गाच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे आणि चळवळीच्या यशाची कारणमीमांसा करताना तिच्या मर्यादाही नोंदवणे, ही या लेखाची उद्दिष्टे होत. १९७३ मध्ये प्रकल्पास मिळालेल्या मान्यतेपासून १९८५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे औपचारिक उद्घाटन होईपर्यंतचा कालखंड प्रामुख्याने विचारात घेतला असून पुढील घडामोडींचा निर्देश आवश्यक तेवढाच केला आहे. अभ्यासपद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

दरी आणि प्रकल्प

केरळ राज्याच्या पालक्काड जिल्ह्यात, निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य अंगास सुमारे ८९.५ चौरस किलोमीटर क्षेत्राची ही दरी आहे. स्थानिक परंपरेत या वनाचा संबंध महाभारताशी जोडला जातो. वनास ‘सैरंध्री’ हे द्रौपदीचे नाव असून दरीतून वाहणाऱ्या नदीस ‘कुंतीपुळा’, म्हणजे कुंतीची नदी, म्हणतात. ही नदी पुढे तूतपुळेस मिळते आणि तिचे पाणी अखेरीस भारतपुळा नदीत जाते. ‘सायलेंट व्हॅली’ हे नाव इंग्रजी अमदानीतील. रातकिड्यांचा आवाज या वनात ऐकू येत नसे म्हणून ते पडले, अशी एक उपपत्ती दिली जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी १८४७ मध्ये या भागाचे निरीक्षण केले होते. १९१४ मध्ये मद्रास इलाख्याच्या सरकारने हे वन राखीव म्हणून जाहीर केले.

भोवतीच्या उभ्या कड्यांमुळे दरीत प्रवेश अवघड होता आणि म्हणूनच वृक्षतोडीचा स्पर्श तिला तुलनेने कमी झाला. सुमारे एक हजार जातींच्या सपुष्प वनस्पती येथे आढळतात. केवळ पश्चिम घाटातच आढळणारा सिंहपुच्छ वानर हा येथील सर्वांत परिचित प्राणी. त्याचे जीवन सदाहरित वनातील उंच वृक्षांवर, विशेषतः कुलेनिया या वृक्षाच्या फुलाफळांवर, मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

ज्या कारणाने दरी वनस्पतिशास्त्रज्ञांना मोलाची वाटली, त्याच कारणाने ती अभियंत्यांनाही सोयीची वाटली. अरुंद मुख, उभे कडे आणि बारमाही पाणी यांमुळे सैरंध्री येथील जागा वीजनिर्मितीस योग्य असल्याचे १९२८–२९ मध्येच हेरले गेले होते. १९५८ मध्ये तिची तांत्रिक पाहणी झाली. केरळ राज्य विद्युत मंडळाने १२० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प आखला आणि १९७३ मध्ये नियोजन आयोगाने त्यास मान्यता दिली. १३१ मीटर उंचीच्या या धरणाच्या जलाशयाखाली सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र जाणार होते. मलबार विभाग औद्योगिकदृष्ट्या मागासलेला होता. वीज, सिंचन आणि रोजगार या तिन्ही गोष्टींचे आश्वासन प्रकल्पात असल्याने राज्यातील प्रमुख राजकीय पक्ष व कामगार संघटना यांचा त्यास पाठिंबा होता.

शासनयंत्रणेतील पहिले प्रश्नचिन्ह

प्रकल्पाविषयीची पहिली शंका जनतेतून उपस्थित झाली नाही. ती प्राणिशास्त्रीय संशोधनातून पुढे आली. मद्रास सर्प उद्यानाचे संस्थापक रोम्युलस व्हिटेकर यांनी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी या दरीकडे लक्ष वेधले. सिंहपुच्छ वानरांचा क्षेत्रीय अभ्यास करणारे स्टीव्हन ग्रीन व कॅरेन मिंकोव्स्की यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या प्राण्याचे अस्तित्व त्याच्या अखंड अधिवासाशी कसे बांधले गेले आहे, हे दाखवून दिले.

दरम्यान १९७२ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरण नियोजन व समन्वय यांसाठी राष्ट्रीय समिती स्थापन केली होती. या समितीने १९७६ मध्ये पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय प्रश्नांच्या अभ्यासासाठी एक कृतिगट नेमला. मुंबईचे निसर्ग-अभ्यासक झफर फतेहअली त्याचे अध्यक्ष होते. प्रकल्प सोडून द्यावा, अशी कृतिगटाची मुख्य शिफारस होती. परंतु ते शक्यच नसेल तर सतरा संरक्षक उपाय योजावेत, अशी पुस्तीही अहवालास जोडलेली होती.

ही पुस्ती पुढील इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली. राज्य शासनाने मुख्य शिफारस बाजूस ठेवली आणि सतरा उपाय मान्य असल्याचे सांगून प्रकल्प पुढे रेटला. जनता पक्षाच्या कारकिर्दीत पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीही प्रकल्पास अनुकूल कौल दिला. संरक्षक उपायांना कायद्याचे रूप देण्यासाठी केरळ विधिमंडळाने १९७९ मध्ये सायलेंट व्हॅली संरक्षित क्षेत्र कायदा केला. कायद्याच्या नावात संरक्षण हा शब्द असला, तरी धरणाचा मार्ग मोकळा करणे हे त्याचे प्रत्यक्ष कार्य होते. तज्ज्ञ अहवालातील सशर्त शिफारस प्रशासनाच्या हाती पडली की अटी मागे पडतात आणि संमती तेवढी शिल्लक राहते, याचे हे ठळक उदाहरण होय.

अध्यापक आणि शास्त्र साहित्य परिषद

तज्ज्ञांचा आक्षेप अशा रीतीने निष्प्रभ झाल्यावर हा विषय लोकांसमोर नेण्याचे कार्य केरळ शास्त्र साहित्य परिषदेने केले. १९६२ मध्ये कोळिकोड येथे स्थापन झालेल्या या संस्थेचा आरंभीचा उद्देश मर्यादित होता. मल्याळम भाषेतून विज्ञानविषयक लेखन व्हावे, एवढीच तिच्या संस्थापकांची इच्छा होती. महाराष्ट्रात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेशी या आरंभीच्या रूपाचे साम्य सहज लक्षात येते. केरळमधील परिषदेने प्रौढांसाठी ‘शास्त्रगती’, शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘शास्त्रकेरळम’ आणि बालकांसाठी ‘युरेका’ ही नियतकालिके चालविली. १९७४ मध्ये ‘सामाजिक क्रांतीसाठी विज्ञान’ हे ब्रीद स्वीकारल्यानंतर तिच्या कार्याला नवी दिशा मिळाली. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक हा तिच्या सभासदांचा कणा होता.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी १९७७ मध्ये ‘शास्त्रगती’त सायलेंट व्हॅलीविषयी लेख लिहिला. चळवळीच्या इतिहासात या लेखाला आरंभबिंदूचे स्थान आहे. याविषयी दोन गोष्टी नोंदवणे आवश्यक आहे. पहिली, लेख इंग्रजी शोधपत्रिकेत प्रसिद्ध न होता मल्याळम मासिकात प्रसिद्ध झाला. सदाहरित वन म्हणजे काय, ते पाणी कसे धरून ठेवते आणि एकदा तोडल्यावर ते पुन्हा का उभे राहत नाही, हे सामान्य वाचकाला त्याच्या भाषेत प्रथमच सांगितले जात होते. दुसरी, प्रसाद हे शासकीय महाविद्यालयीन सेवेतील अध्यापक होते. शासनाच्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पाविषयी शासनाच्याच सेवेतील व्यक्तीने जाहीर प्रश्न उपस्थित करणे ही त्या काळी सामान्य बाब नव्हती.

लेखामुळे सर्वप्रथम वाद उभा राहिला तो परिषदेच्या अंतर्गत. विद्युत मंडळातील अभियंते व कर्मचारी परिषदेचे सभासद होते. अनेक सभासदांची बांधिलकी डाव्या पक्षांशी होती आणि ते पक्ष प्रकल्पाचे समर्थक होते. विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या संस्थेने विजेला विरोध कसा करावा, हा आक्षेप स्वाभाविक होता. चर्चेअंती परिषदेने प्रकल्प थांबविण्याची मागणी करणारा ठराव केला. मतभेद दडपून न टाकता प्रकल्पाच्या आकडेवारीचीच छाननी करावी, असा मार्ग परिषदेने पत्करला. पुढील प्रसिद्ध अहवालाचे मूळ या अंतर्गत वादात आहे.

परिषदेबाहेरही अध्यापकांचे कार्य चालू होते. पय्यन्नूर येथील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉन सी. जेकब यांनी विद्यार्थ्यांसाठी निसर्ग शिबिरे भरविण्याची प्रथा सुरू केली होती. या शिबिरांतून तयार झालेले तरुण उत्तर केरळात प्रचारासाठी उपलब्ध झाले. शिक्षक एस. प्रभाकरन नायर यांनी मलबारमधील गावोगावी फिरून हा विषय मांडला. वर्गात शिकविण्याचा सराव असलेली माणसे सभेतही शिक्षकाप्रमाणेच बोलत, घोषणांपेक्षा स्पष्टीकरणावर भर देत. हा या चळवळीचा स्थायीभाव म्हणता येईल.

१९७९ चे मूल्यमापन : आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा एक आदर्श

परिषदेने १९७९ मध्ये प्रकल्पाचे तांत्रिक-आर्थिक व सामाजिक-राजकीय मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्याचे लेखक पाच होते. एम. के. प्रसाद जीवशास्त्राचे, एम. पी. परमेश्वरन अणुअभियांत्रिकीचे, व्ही. के. दामोदरन विद्युत अभियांत्रिकीचे, के. एन. श्यामसुंदरन नायर कृषिशास्त्राचे आणि के. पी. कन्नन अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. पर्यावरणीय आघात मूल्यमापन ही संज्ञा भारतीय कायद्यात अद्याप अवतरलेली नसताना नागरिकांच्या एका संघटनेने आपल्या बळावर केलेले हे कार्य आहे.

या मूल्यमापनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात वनाचे मोल सांगून लेखक थांबले नाहीत. प्रकल्पाच्या समर्थकांची तीनही आश्वासने त्यांनी एकेक करून तपासली. केरळ त्या काळी शेजारील राज्यांना वीज विकत होते. १९७६ मध्ये इडुक्की प्रकल्पाचा पहिला टप्पा कार्यान्वित झालेला होता. असे असताना मलबारच्या घरांत दिवे मंद का जळतात? लेखकांच्या मते मलबारची अडचण निर्मितीपेक्षा पारेषण व वितरण यांतील उणिवांची होती. वीजवाहिन्या सुधारल्यास आणि मलबारमध्ये औष्णिक वीज केंद्र उभारल्यास गरज भागू शकते, असे त्यांनी प्रतिपादन केले. सिंचनाच्या बाबतीत भूजलाचा पर्याय पुढे ठेवण्यात आला. बांधकामातून निर्माण होणारा रोजगार बांधकामाबरोबरच संपणारा असल्याचेही निदर्शनास आणण्यात आले.

दरीचा दहा टक्क्यांहून कमी भाग पाण्याखाली जाणार, मग एवढा गहजब कशासाठी, हा विद्युत मंडळाचा प्रमुख युक्तिवाद होता. त्याला उत्तर जीवशास्त्राने दिले. बुडणारा भाग दरीच्या मध्यातील नदीकाठचा होता. त्याशिवाय रस्ते, मजुरांच्या वसाहती, इंधनासाठी तोड आणि बाहेरच्या जगाशी नव्याने जोडले जाणारे मार्ग यांचा परिणाम जलाशयाच्या रेषेपाशी थांबणारा नव्हता. क्षेत्राचे गणित आणि परिसंस्थेचे गणित भिन्न असते, ही गोष्ट या वादातून सार्वजनिक चर्चेत आली.

एका विद्याशाखेला हे काम एकट्याने साधले नसते. केवळ वनस्पतिशास्त्रज्ञाने अहवाल लिहिला असता, तर ‘माणूस मोठा की माकड’ या प्रश्नाने तो निकालात काढला गेला असता. केवळ अर्थतज्ज्ञाने लिहिला असता, तर वनाचे मोल त्यात आलेच नसते. पाच विषयांचे अभ्यासक एकाच प्रश्नाभोवती बसले, हे या अहवालाचे खरे बळ होय.

साहित्यिकांचा सहभाग

विज्ञानाच्या मांडणीस साहित्याची जोड मिळाल्यामुळे चळवळीचा परीघ विस्तारला. कवयित्री सुगतकुमारी, ज्येष्ठ कवी व संपादक एन. व्ही. कृष्ण वारियर, ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर आदी साहित्यिक प्रकृती संरक्षण समितीच्या माध्यमातून एकत्र आले. सुगतकुमारी यांची वृक्षस्तुतिपर कविता चळवळीच्या सभांतून म्हटली जाऊ लागली. विरोधकांनी या मंडळींना ‘झाडांचे कवी’ म्हणून हिणवले. परंतु साक्षरतेचे प्रमाण मोठे असलेल्या आणि नियतकालिकांचे वाचन अंगवळणी पडलेल्या केरळी समाजात कवींच्या शब्दाला वजन होते. अहवाल वाचणारे हजारांत मोजावे लागले असते. कविता ऐकणारे त्याहून पुष्कळ अधिक होते. विज्ञान व साहित्य यांच्यातील ही भागीदारी भारतातील अन्य पर्यावरण चळवळींत इतक्या प्रमाणात क्वचितच दिसते.

न्यायालय, विधिमंडळ आणि दिल्ली

१९७९ मध्ये प्रकल्पाचा वाद केरळ उच्च न्यायालयात गेला आणि कामास तात्पुरती स्थगिती मिळाली. मात्र जानेवारी १९८० मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. शासनाने सर्व बाजूंचा विचार करून घेतलेल्या धोरणात्मक निर्णयाच्या जागी न्यायालयाने स्वतःचा निर्णय ठेवणे योग्य नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पर्यावरण संरक्षणाचा अर्थ जगण्याच्या मूलभूत हक्कात सामावलेला आहे, हा न्यायविचार अद्याप विकसित व्हावयाचा होता. अशा रीतीने १९८० च्या प्रारंभी विधिमंडळ, राज्य शासन व न्यायालय या तिन्ही ठिकाणी चळवळीस अपयश आले होते.

पारडे फिरले ते केंद्र शासनाच्या पातळीवर. १९७८ मध्ये अश्काबाद येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या महासभेने सिंहपुच्छ वानराच्या अधिवासाच्या रक्षणाची मागणी केली होती. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी आयुष्यभर निगडित असलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी आपला शब्द प्रकल्पाविरुद्ध टाकला. केंद्रीय कृषी सचिव असलेले डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी १९७९ मध्ये पाहणी करून सायलेंट व्हॅलीसह लगतच्या वनांचे मिळून सुमारे ३८९ चौरस किलोमीटरचे राखीव जीवावरण क्षेत्र करावे, असे सुचविले. जानेवारी १९८० मध्ये पुन्हा सत्तेवर आलेल्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी राज्य शासनास काम थांबविण्याची विनंती केली. डिसेंबर १९८० मध्ये राज्य शासनाने राष्ट्रीय उद्यान जाहीर केले, परंतु त्यातून प्रकल्पाचे क्षेत्र वगळलेले होते. उद्यानाच्या मध्यभागी धरणासाठी जागा राखून ठेवणारी ही अधिसूचना तडजोडीचा विलक्षण नमुना होती.

यानंतर केंद्र व राज्य यांच्या वतीने पदार्थवैज्ञानिक प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमण्यात आली. तिच्या सदस्यांत पुण्यात वाढलेले परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हेही होते. समितीचा अहवाल १९८३ मध्ये सादर झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये प्रकल्प रद्द करण्यात आला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी प्रकल्पक्षेत्रासह संपूर्ण दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. इंदिरा गांधी यांची हत्या त्यापूर्वी दोन आठवडे झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते उद्यानाचे औपचारिक उद्घाटन झाले. पुढील वर्षी स्थापन झालेल्या निलगिरी राखीव जीवावरण क्षेत्रात या दरीचा समावेश झाला.

यशाची कारणमीमांसा

पंतप्रधानांनी हस्तक्षेप केला नसता तर वन वाचले असते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. घटनाक्रम पाहता त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. राज्यातील लोकमत विभागलेले होते. विधिमंडळ प्रकल्पाच्या बाजूचे होते. अंतिम निर्णय दिल्लीत झाला आणि त्यात पंतप्रधानांच्या वैयक्तिक निसर्गप्रेमाचाही वाटा होता. या अर्थाने सायलेंट व्हॅलीचा विजय हा संपूर्णतः लोकशक्तीचा विजय होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

तथापि या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. १९७६ मध्ये तज्ज्ञांचा कृतिगट प्रकल्पाच्या विरुद्ध होताच. त्याची शिफारस दुर्लक्षिली गेली, कारण तिच्यामागे बोलणारे कोणी नव्हते. १९८० ते १९८३ या काळात तशीच शिफारस स्वीकारली गेली, कारण दरम्यानच्या काळात विद्युत मंडळाच्या प्रत्येक आकड्याला प्रतिआकडा उपलब्ध झाला होता आणि तो लोकांना माहीत होता. राज्यकर्त्याची इच्छा असली, तरी ती अमलात आणण्यासाठी त्याला आधार लागतो. तो आधार अध्यापकांनी केलेल्या अभ्यासाने पुरविला. चळवळीने निर्णय घेतला नाही, परंतु तो निर्णय घेणे शक्य केले, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

तुलनात्मक विचार : मुळशी, चिपको आणि सायलेंट व्हॅली

महाराष्ट्राच्या संदर्भात या चळवळीची तुलना मुळशी सत्याग्रहाशी करणे उद्बोधक ठरते. १९२१ मध्ये टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापट आदींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तेथे प्रश्न जमिनीच्या मालकीचा व परागंदा होणाऱ्या गावांचा होता. धरण झाले आणि सत्याग्रह अपयशी ठरला. १९७३ पासून गढवालमध्ये मंडल, पुढे १९७४ मध्ये रेणी येथे चिपको आंदोलन उभे राहिले. गौरादेवी व त्यांच्या सहकारी स्त्रिया झाडांपुढे उभ्या राहिल्या, कारण सरपण, चारा व पाणी यांसाठी त्यांचे जीवन त्या वनावर अवलंबून होते.

मुळशीत माणसे स्वतःच्या भूमीसाठी, चिपकोत स्वतःच्या उपजीविकेसाठी उभी राहिली. सायलेंट व्हॅलीत उभ्या राहिलेल्या बहुसंख्य व्यक्तींचा त्या दरीशी प्रत्यक्ष व्यवहार काहीच नव्हता. अनेकांनी ती पाहिलीही नव्हती. ज्ञान हेच त्यांना दरीशी जोडणारे सूत्र होते. त्यामुळे येथे सत्याग्रहींपेक्षा अभ्यासकांची आणि धरण्यांपेक्षा व्याख्यानांची संख्या मोठी राहिली. यात उणेअधिक करण्याचे कारण नाही. तीन चळवळींचे अधिष्ठान निरनिराळे असल्याने त्यांची साधनेही निरनिराळी होती.

चळवळीच्या मर्यादा

दरीत मानवी वस्ती नव्हती हे खरे असले, तरी लगतच्या अट्टपाडी परिसरात इरुळर, मुदुगर व कुरुंबर या आदिवासी जमाती राहतात. वन वाचविण्याच्या वादात त्यांचा आवाज फारसा ऐकू येत नाही. शहरांतील सुशिक्षित आणि राजधानीतील तज्ज्ञ यांच्यात हा संवाद झाला. राष्ट्रीय उद्यान या संकल्पनेतच स्थानिकांच्या वनहक्कांचा प्रश्न दडलेला असतो. तो या चळवळीने उपस्थित केला नाही.

प्रकल्पाच्या समर्थकांनाही केवळ निसर्गद्वेष्टे ठरविणे अन्यायाचे होईल. मलबारचा मागासलेपणा वास्तव होता. बेकार तरुणाला वनाच्या उत्क्रांतीचा इतिहास सांगून त्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. परिषदेने पर्याय सुचविले, परंतु ते अमलात आणणे तिच्या हाती नव्हते.

याशिवाय राष्ट्रीय उद्यानाच्या घोषणेने वाद कायमचा मिटला नाही. २००१ नंतर विद्युत मंडळाने त्याच कुंतीपुळेवर, उद्यानाच्या सीमेलगत, पात्रक्कडवू येथे नवा प्रकल्प प्रस्तावित केला. त्याविरुद्ध पुन्हा आवाज उठला आणि २००७ मध्ये राज्य शासनाने उद्यानाभोवती सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे संरक्षक क्षेत्र मंजूर केले. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांत सायलेंट व्हॅलीचा समावेश झाला.

निष्कर्ष

१) सायलेंट व्हॅली चळवळीत विस्थापित होणारा पक्ष नसल्याने वनाची बाजू ज्ञानाच्या आधारे मांडावी लागली. हे कार्य मुख्यत्वे अध्यापकवर्गाने केले.

२) १९७६ चा तज्ज्ञ अहवाल आणि १९७९ चे परिषदेचे मूल्यमापन यांच्या परिणामांतील फरक हा लोकांच्या भाषेत ज्ञान पोहोचण्या-न पोहोचण्याचा फरक आहे.

३) सशर्त शिफारशीचा उपयोग संमतीसारखा केला जातो, हे कृतिगटाच्या सतरा उपायांच्या वापरावरून स्पष्ट होते.

४) अंतिम निर्णय राजकीय नेतृत्वाचा असला, तरी त्यास लागणारा शास्त्रीय व नैतिक आधार चळवळीने निर्माण केला.

५) स्थानिक आदिवासींचा अल्प सहभाग ही चळवळीची प्रमुख मर्यादा होय.

पर्यावरणीय आघात मूल्यमापन १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले आणि १९९७ पासून त्यात जनसुनावणीची तरतूद आली. केरळमधील अध्यापकांना जे स्वतःच्या पुढाकाराने करावे लागले, त्यासाठी पुढील काळात कायद्याने जागा निर्माण केली. परंतु जनसुनावणीत मांडण्यासाठी त्या परिसराची वनस्पतिसूची, पाण्याची नोंद, शेतीचे अर्थशास्त्र व गावांचा इतिहास कोणीतरी तयार केलेला असावा लागतो. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस असलेल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व इतिहास हे विभाग एकाच इमारतीत काम करीत असतात. १९७९ मध्ये केरळात पाच विषयांचे पाच अभ्यासक एका दरीसाठी एकत्र बसले आणि त्यांनी लिहिलेले लोकांपर्यंत पोहोचले, म्हणून ती दरी आज नकाशावर वन म्हणून दाखविली जाते. इतिहासाने नोंदवावी अशी ही बाब आहे आणि अध्यापकाने लक्षात ठेवावी अशीही.